यमू कोणामागे बसली

मला घेऊन एसटी सुटली तेव्हा माझी यमू रडली नाही. माझ्या धाकट्या बहिणीने, सुमनने, तिच्या हातात उकडलेले करांदे दिले होते आणि ती सालं काढण्यात गुंतली होती. चार वर्षांची पोर. तिची आई आदल्या पावसाळ्यात तापाने गेली होती. रडत होतो तो मी, आणि तेही खिडकीकडे पाठ करून. वडील म्हणायचे, "जाणाऱ्याने मागं बघू नये. मागच्यांना कामं असतात."

माझ्यासारखे परमुलखात निघताना तुम्हीही हेच म्हणाला असाल, फक्त दोन वर्षं. कतारमध्ये दोन वर्षं संपत नाहीत, ती रिन्यू होतात. दोहातल्या बिन महमूदला एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. गॅस प्लांटवर सेफ्टीचं काम. पुण्या-नाशिकची मराठी माणसं भेटली, चांगली होती. मूळचे कुठले असं कोणी विचारलं की मी 'नाशिककडचा' म्हणून मोकळा व्हायचो. जव्हारच्या वरच्या अंगाचा पाडा कोणाला सांगायचा? मी आदिवासी आहे हे दोहात मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं ते एका व्हिडिओ कॉलवर.

त्याचं असं झालं. आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पोरं मामाकडे, आत्याकडे, आजीकडे ठेवून. एका वर्षी बालसंरक्षणाचे लोक आले. आईबाप घरी नाहीत असं पाहून त्यांनी शेजारची भावंडं गाडीत घातली आणि जिल्ह्याच्या बालगृहात नेऊन ठेवली. त्यांची आजी तिथेच अंगणात नाचणी पाखडत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. पाड्यावरच्या बायका तहसीलवर जाऊन बसल्या तेव्हा कुठे पोरं परत आली, तीही इतक्या उशिरा की धाकटं आजीकडे जायला तयार होईना.

मग बालसंरक्षण खात्याने बोलणी सुरू केली. ही पद्धत बदलायची तर कशी, यावर. पाड्याला ऑफिसची भाषा येणारा माणूस हवा होता. सुमनने माझं नाव सुचवलं. बैठका शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर ठरल्या, माझी सुट्टी म्हणून.

खात्याच्या मॅडम वाईट नव्हत्या. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "तुम्ही कतारमध्ये बसून आम्हाला आदिवासींची रीत शिकवणार?"

मी म्हटलं, "मॅडम, सहा वर्षांचा होतो तेव्हा आश्रमशाळेत आणून टाकलेला आदिवासी मुलगा आहे मी. तुमची रीतसुद्धा मला पाठ आहे."

मागून सुमन हसल्याचं ऐकू आलं.

वर्षभर घासाघीस चालली. बालगृहाच्या आधी नातलग, एवढं त्यांनी मान्य केलं. अडलं ते मुलाला विचारायचं कसं यावर. टेबलापलीकडे बसवून 'तुला कुठे राहायचंय' असं विचारलं की आमची पोरं गप्प होतात आणि फायलीत 'प्रतिसाद नाही' असा शेरा पडतो. आमच्या पाड्यावर पोराला तोंडाने विचारत नाहीत. सगळे गोळा होतात, ज्यांना पोर हवं असतं ते पुढे बसतात. पोर उठून ज्याच्या पाठीमागे जाऊन बसेल, त्याच्या घरी ते राहतं. एवढंच. हे कलम मी भांडून घालून घेतलं.

मॅडमनी विचारलं, "आणि बाप समोर असेल तर?"

"बापही पुढे बसेल, इतरांसारखा."

"नक्की?"

"खलास, मॅडम. रीत म्हणजे रीत." 'संपलं, ठरलं' अशा अर्थाचा प्लांटवरचा अरबी शब्द तोंडातून निसटला आणि पलीकडे हशा झाला.

आमच्या तालुक्यापुरती नवी पद्धत लागू झाली. पाड्यावरच्यांनी माझ्या नावाने नारळ फोडला आणि तो मला फोनवर दाखवला.

त्याच सुमारास मला बढती मिळाली. फॅमिली व्हिसा, अल अझीझियात दोन खोल्यांचा फ्लॅट. यमूसाठी शाळा पाहिली, खिडकीजवळ तिचा पलंग लावला. हे सगळं झाल्यावर सुमनला फोन केला. आधी नाही, सगळं झाल्यावर. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बसव तिला."

"सुमन, मी बाप आहे तिचा."

"म्हणून तं म्हणते, पुढं बस. रीत तूच लिहून घेतलीस ना, दादा? का ती भट्टीवर जाणाऱ्यांसाठीच होती?"

मी रागावलो नाही. मला खात्री होती. दर शुक्रवारी फोन, दर सुट्टीला कपडे, खेळणी, टॅब. बाप असणं म्हणजे हेच, असं इतक्या वर्षांत मी स्वतःला पटवलं होतं.

मे महिन्यात गेलो. भट्टीवरची माणसंही परतली होती. पाडा जमला, मॅडम आल्या. मी आणि सुमन शेजारी शेजारी पुढे बसलो. यमू आता उंच झालीय, चाल माझ्या आईची. ती उठली आणि घरात गेली. तांब्या घेऊन आली आणि मला पाणी दिलं, पाहुण्याला देतात तसं, मान खाली घालून. मी प्यायलो. रिकामा तांब्या घेऊन ती आमच्या मागे गेली. पाठीमागे कोणी येऊन बसलं की वळून न बघताही कळतं. माझ्या पाठीला काही जाणवलं नाही. शेजारी सुमनने पदर तोंडाला लावला.

नंतर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "कायद्याने तुम्ही तिला नेऊ शकता. तुम्ही म्हणत असाल तर मी तसं लिहिते." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मी हो म्हटलं असतं तर पुढच्या पोराच्या वेळी ही रीत मोडायला खात्याकडे माझंच उदाहरण राहिलं असतं. मी म्हटलं, "बसली तिथे राहू द्या." याला मोठेपणा समजू नका. सगळा पाडा बघत होता आणि मला लाज वाटत होती. कोणी बघत नसतं तर मी काय केलं असतं, हे मला ठाऊक आहे.

आता शेजारच्या तालुक्यालाही हीच पद्धत हवी आहे. मसुदा ते माझ्याकडे पाठवतात, मी तपासून देतो. दोहातल्या ओळखीच्यांना सांगितलं की मुलगी तिकडेच शिकणार. "बरं केलंत, इथे मुलं मराठी विसरतात," असं म्हणाले. मीही हो म्हटलं.

जे मागे राहिलात त्यांना सांगतो, तुमचं बरोबर होतं आणि तरी मला तुमचा राग येतो. माझ्यासारखे जे निघून आलात त्यांना काय सांगू? आपण पाठवलेलं सगळं पोहोचतं. आपण पोहोचत नाही.

घर कुठे असं कोणी विचारलं तर मी आता पाड्याचं नाव घेतो, लपवत नाही. शुक्रवारी तिथे फोन लावतो. सुमन उचलते. मी विचारतो, "आता यमूशी बोललं तर चालेल का?" स्वतःच्या घरी असं कोणी विचारत नाही.