घरघरणारा पंखा

सुटे भाग आणून पहिलावहिला कॉम्प्युटर स्वस्तात घरीच जुळवायचा, असं ठरवून मी दुकानात उभा होतो. शेजारचं गिऱ्हाईक कॉम्प्युटर थंड ठेवणारा एकेक छोटा पंखा चालू करून त्याला कान लावत होतं, डॉक्टरनं छाती तपासावी तसं. त्याला बिनआवाजाचा हवा होता. मला हेवाच वाटला. शांतता विकत घ्यायची हौस भरल्या घरालाच परवडते.

आमच्याकडे बायको गेल्यापासून इतकं शांत असतं, की भिंतीवर पाल चुकचुकली तरी पाहुणा आला समजून मी चहाचं आधण ठेवतो.

"मला तो घरघरणारा द्या," मी म्हणालो.

दुकानदार हसला. "काका, घरातले वैतागतील हो!"

"छे! सतरा माणसं आहेत आमच्यात. त्यांच्या गोंगाटात याला विचारतंय कोण?" मी बिनदिक्कत ठोकून दिलं.

संध्याकाळी सगळं जुळलं. बटण दाबून मी भाजी परतायला स्वयंपाकघरात गेलो, तर बाहेरच्या खोलीत पिठाची गिरणीच सुरू झाली! मी तिथूनच ओरडलो, "अरे, हळू जरा!"

मग उलथनं हातात धरून, उत्तर येतंय का ते ऐकत उभा राहिलो.