डिझेलच घ्या

ह्यांना दवाखान्यासाठी दर आठवड्याला वसमतहून नांदेडला न्यावं लागायचं, म्हणून आम्ही हिंगोलीला जुनी गाडी बघायला गेलो. गाडीवाला म्हणाला, "भाऊ, रनिंग जास्त असंल तर डिझेल घ्या, न्हाई तर पेट्रोल बराबर."

चार माणसांत मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी मागून बोलले, "डिझेलच घ्या."

हे माझ्याकडं वळून हसले. "काहून? लई वर्षं पळवायचं हाये का मला?"

"व्हय," मी म्हणाले.

डिझेलच घेतली. दिवाळीच्या आधी हे गेले.

डिझेलची गाडी नुसती उभी ठेवू नये म्हणतात, म्हणून दीर रोज सकाळी ती थोडा वेळ चालू करतात. तो आवाज आला की माझा हात अजून ह्यांची पाण्याची बाटली भरायला माठाकडं जातो.