सातव्या होलचा बंकर

सातव्या होलचं गवत मी जाळलं होतं.

त्या सकाळी पाणी भरलं, सडा टाकला, भात शिजवून ठेवला आणि टोपली घेऊन मोहफुलं वेचायला निघाले. फुलं नीट दिसावी म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळायचा, ही आमच्याकडची रीत.

पण हा मोह जंगलात नव्हता. चंद्रपूरजवळच्या आमच्या खाण-कॉलनीच्या गोल्फ मैदानात, सातव्या होलच्या, म्हणजे खेळाच्या सातव्या पट्ट्याच्या, मधोमध होता. मैदान आखलं तेव्हा मोहाला कुऱ्हाड लावायला गावातलं कोणी तयार झालं नाही, म्हणून राहिलेला.

आणि त्या मैदानाचे माळी माझेच मिस्टर.

वारा सुटला. झाडाच्या उजवीकडचं सगळं गवत काळं झालं.

खाणीचे साहेब आले. आता नोकरीही गेली आणि क्वार्टरही, असं मला वाटलं.

"तुळशीराम, कोणी जाळलं हे?"

"मीच, साहेब. इथी बंकर पाह्यजे."

"नकाशात कुठे आहे बंकर?"

"नकाशात नाई. पण सगळे इथूनच मारते. कोणाले डोकं लावाच लागत नाई. आठ दिवस द्या. नाई जमलं तर काढून टाका मले."

घरी आल्यावर मी विचारलं, "काऊन खोटं बोलले?"

"खोटं कुठी? आठ दिवसांत खरं करतो. तू घमेलं घे."

बंकर म्हणजे बॉल अडकवणारा वाळूचा खड्डा. त्यांनी खणलं. नाल्यातली वाळू मी वाहिली.

आता ऐका. मोहाच्या डावीकडे मोकळी जागा आहे, पण तिथून मारलं की पुढे ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याच्या हिरवळीच्या, आधी बोडी येते. बॉल पाण्यावरून न्यावा लागतो. उजवीकडून ग्रीन सरळ उघडं. पण तिथे आता बंकर आणि कडेच्या बांबूच्या बेटामधून चिंचोळी वाट. आधी भीती घ्या, नाहीतर नंतर घ्या.

आठव्या दिवशी साहेब उजवीकडून खेळले. वाळूत गेले. तीन फटक्यांनी बाहेर आले.

बुटातली वाळू झटकत म्हणाले, "राहू दे."

मी चौथी शिकलेली. क्लबातली गोल्फची जुनी इंग्रजी मासिकं हे घरी आणायचे, शब्दकोश धरून ती मी वाचायला शिकले. हे ज्याला 'डोकं लावणं' म्हणायचे, त्याला मोठे लोक स्ट्रॅटेजी म्हणतात, हे मीच त्यांना सांगितलं.

"मंग? आपल्याले आधीच माहीत होतं," म्हणाले.

आता नागपूरचे खेळाडू सातव्या टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, येऊन उभेच राहतात. डावीकडून की उजवीकडून? हे होते तोवर लांबून पाहायचे आणि मिशीत हसायचे.

पाटीवर अंतर लिहिलंय, किती फटक्यांत संपवायचं तो पार लिहिलाय. बंकर कोणी केला ते नाही. जन्मभर यांचं नाव मी तोंडानं घेतलं नाही. आज लिहिते. तुळशीराम यांनी केला.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. जा म्हणवत नाही; तुम्ही या सुखानं, मी आहे इथे.

गेल्या वर्षी त्यांना पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद म्हणाली, "वहिनी, सुतकात कुठी चालली?"

मी त्यांचं दाताळं घेतलं. मोहाखालचा पाला झाडून काढला, जाळला नाही. मग बंकरची वाळू ओढून सारखी केली.