हॉलमधल्या फटफटीवर झूल

मंडळी, आज मी बायकोचे मनापासून आभार मानून राह्यलो.

माह्या बापाची, बापूची जुनी फटफटी आमच्या बंजारा तांड्यावर धूळ खात उभी होती. बायकोनं ती दिग्रसले आणली, घासूनपुसून हॉलमध्ये सोफ्याच्या जागी ठेवली. वरून पिवळा लाईटही लावला. दिसते झकास, पण याडी, म्हणजे माही माय, काय म्हणन याची मले धास्तीच होती. बापू गेल्यापासून याडी आमच्याकडे टिकतच नाही. चहा संपायच्या आत परतीची एसटी विचारते.

बायकोनं तिले फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. आज दुपारी याडी आली, फटफटीपाशी थांबली अन् पिशवीतून आरशांची झूल काढली. आमचे वाडवडील बैलांवर माल लादून फिरायचे त्या काळातली, त्यायच्या म्होरक्या बैलाची.

"ज्यानं घराचं ओझं वाह्यलं, त्याले असं उघडं ठेवते का रे?" म्हणे अन् सीटवर झूल पसरली.

मग तिथंच खाली बसून चहा प्यायली. कप रिकामा झाला. मी एसटीच्या प्रश्नाची वाट पाहून राह्यलो.

"सूनबाई, रातच्याले माही भाकर टाकजो."

तुमच्या घरचीही अशी एखादी वस्तू बाहेर धूळ खात नाही ना?