चित्रलेखाचा हिरवागार ऑटम

सिडनीतल्या गिरावीनच्या घरासमोर चित्रलेखाने जपानी मेपलचं रोप लावलं, तेव्हा अनिश नुकताच शाळेत जाऊ लागला होता. आता पोरगा युनिव्हर्सिटीत आहे आणि झाड छपराला टेकलंय. दरवर्षी मे महिन्यात ते असं लालभडक होतं की फार्मसीतली शिफ्ट संपवून आलेली चित्रलेखा गाडीतून उतरायचंच विसरते. एवढंसं झाड हे करतं, तर जपानातल्या क्योटोचा मेपलने भरलेला अख्खा डोंगर काय करत असेल? तो डोंगर एकदा डोळे भरून बघायचा, एवढीच तिची मागणी. पण एकदा अनिशची एचएससी आडवी आली, एकदा सासऱ्यांचं ऑपरेशन, एकदा किचनचं रिनोव्हेशन. ती प्रत्येक वेळी "बरं, पुढच्या वर्षी" म्हणाली. चुकलंच तिचं.

यंदा मात्र तिने हट्ट धरला. नवरा पद्माकर इंजिनिअर. प्रवास आखायचा तर त्यानेच. दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याचा जीव खालीवर होतो. त्याने मे महिन्याची तिकिटं काढली.

"मे नक्की ना रे?" तिने विचारलं होतं.

"अगं, ऑटम म्हणजे ऑटम! आणि बघ, गर्दीसुद्धा कमी असते. लोकांना अक्कलच नाही."

तिनेही मान डोलावली, कारण जपानी मेपल मे महिन्यात लाल होतो हे तिने दारातच पाहिलेलं. पंचवीसेक वर्षं सिडनीत काढली की शाळा, सेल, स्वेटर सगळे एकच सांगतात, ऑटम म्हणजे मार्च ते मे. पण दोघंही मूळचे पुण्याचे ना! पुण्यात मे महिन्यात काय असतं? निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई फोनवर उकाड्याच्या नावाने बोटं मोडत होत्या, आंब्याच्या पेट्या आल्याचं सांगत होत्या. दोघांनी हं हं केलं आणि बॅगेत लोकरीचे स्वेटर कोंबले. जपान पृथ्वीच्या पुण्याकडच्या, उत्तरेकडच्या अर्ध्यात आहे आणि तिथले ऋतू सिडनीच्या उलटे, हे इतक्या शिकलेल्या दोन माणसांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये, म्हणजे कमाल झाली.

क्योटोचा डोंगर हिरवा होता. कोवळा, चकचकीत, डोळ्यांत खुपणारा हिरवा. देवळाच्या पायऱ्यांवर चित्रलेखा स्वेटर हातात घेऊन घामाघूम उभी. पुढे चहाघरातल्या बाईंनी गुडघे टेकून तिच्यापुढे चहा ठेवला. चित्रलेखाने त्यांना फोनमधला लाल डोंगराचा फोटो दाखवला, तेव्हा त्या हळूच "नोव्हेंबर" म्हणाल्या आणि जणू आपलीच चूक असल्यासारख्या वाकल्या. चूक कोणाची आणि वाकतंय कोण! चहा सुंदर होता, खिडकीतली सावली सुंदर होती, आणि चित्रलेखाला त्या सगळ्याचाच राग येत होता. पद्माकरचं आपलं सुरूच, "ग्रीनमध्येही मजा आहे गं. आणि गर्दी बघ, किती कमी!" चपला बाहेर काढून बसायच्या त्या शांत खोलीत धड भांडताही येईना.

दोन आठवड्यांनी टॅक्सी घरासमोर थांबली. निदान आपलं झाड तरी, एवढ्याच आशेवर ती उतरली. मेपलच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. अंगण, ड्राइव्हवे, सगळं लख्ख.

"वी हॅड क्रेझी विंड्स, मम," अनिश बॅगा उचलत म्हणाला. "बट नो वरीज, आय क्लीन्ड इट ऑल. डॅड सेड कीप द फ्रंट टायडी."

ती सरळ बागेच्या कचऱ्याच्या डब्याशी गेली आणि त्याचं हिरवं झाकण उचललं. आत काठोकाठ पानं होती, दाबून भरलेली, ओली, अजून लाल. वर्षभर वाट पाहिलेला घरचा ऑटमही तिने न बघताच संपला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला वैताग आला.

मूठभर पानं घेऊन ती तिथेच पायरीवर बसली, फोन काढला आणि नोव्हेंबरचं तिकीट बुक केलं. पद्माकर मागून डोकावला.

"अगं, एकच काढलंस? आणि मी?"

"तू मे महिन्यात जा," चित्रलेखा म्हणाली. "गर्दी कमी असते."