बारा घरं, एक मशीन आणि सखाराममामांची कात्री

सोसायटीत राहणाऱ्या माणसाकडे किस्से जमत जातात, घरात प्लास्टिकचे डबे जमतात तसे. कधी आले आठवत नाही, कुठलं झाकण कुठल्या डब्याचं कळत नाही, पण टाकवतही नाहीत. त्यात मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे सगळ्या गल्लीचे डबे माझ्याच घरी!

टिटवाळ्याला आमची बारा रो-हाउसेस आहेत. समोरच्या गेटपासून मागच्या नाल्यापर्यंत मेंदीचं कुंपण. चांगलं नऊ फूट उंच, हिरवंगार. ते कापायला खडवलीहून सखाराममामा यायचे. एक शिडी, एक लांब दांड्यांची कात्री आणि डोक्याला टॉवेल. वर्षानुवर्षं चाललेलं होतं. कुणाची काही तक्रार नव्हती.

आणि तक्रार नसली की आमच्या चेअरमनना बेचैन व्हायला होतं.

* * *

चेअरमन म्हणजे प्रधानसर. बँकेतून रिटायर झालेले. वय अडुसष्ट. बोलणं असं शुद्ध की समोरचा आपोआप सरळ बसतो. एका मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला, "सखाराम शिडीवर चढतो. उद्या तो पडला, तर जबाबदारी कोणाची?"

सगळे गंभीर झाले. मामांची काळजी वाटली सगळ्यांना. खरंच वाटली.

"म्हणून माझा प्रस्ताव आहे," सर म्हणाले, "आपण बॅटरीवर चालणारं, लांब दांड्याचं कुंपण कापायचं मशीन घ्यावं. जमिनीवर उभं राहून कापता येतं. शिडी नको, धोका नको."

"मग मामा मशीन चालवणार?" मी विचारलं.

"छे! मग सखारामची गरजच काय? आपण आळीपाळीने कापू."

म्हणजे मामा पडू नयेत म्हणून मामांनाच काढायचं! आणि ठराव मंजूर झाला, एकमताने. लिहिला मीच. हात थांबला होता लिहिताना, कारण मामांची मुलगी कल्याणला नर्सिंगला होती आणि आमचं कुंपण हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम. पण सेक्रेटरीने लिहायचं असतं, रडायचं नसतं. मी फक्त एक वाक्य जास्तीचं घुसडलं: 'मशीनचं काम समाधानकारक ठरेपर्यंत सखाराम यांनी येत राहावे.' सही करताना सरांनी ते वाचलं नाही. बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस!

* * *

खरेदीला आम्ही तिघं गेलो. सर, मी आणि पाच नंबरचा रोहन. रोहन आयटीत आहे, घरूनच काम करतो, त्यामुळे यंत्रातलं त्याला सगळं कळतं असा आमचा समज. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये हत्यारांचं एक मोठं दुकान आहे, तिथे.

सरांनी घरून तक्ता करून आणलेला. पातं किती लांब, वजन किती, दांडा किती खुलतो, मान किती अंशात वळते. सेल्समन बिचारा विचारत होता, "काका, कुंपण केवढं आहे? रोज कापणार का महिन्यातून एकदा? धरणार कोण?" शेवटच्या प्रश्नावर तो दोनदा आला. सर म्हणाले, "ते आमचं आम्ही बघू. सर्वात लांब कुठलं?"

सर्वात लांब काढलं. सरांनी दांडा पूर्ण खोलला, दोन्ही हातांनी उचलला आणि छताकडे रोखून उभे राहिले. रोहनने फोटो काढला. दहा सेकंदांत सरांच्या कपाळावर घाम!

"थरथर जरा जास्त आहे याची," सर म्हणाले.

सेल्समन हळूच म्हणाला, "काका, अजून चालू नाही केलेलं."

तरी घेतलं तेच. सगळ्यात लांब होतं ना!

* * *

दोन दिवसांनी खोकं आलं. नारळ फुटला, पेढे वाटले. एक नंबरचे भोईरदादा खुर्ची टाकून बसले. ही सगळी जमीन मूळची त्यांच्या बापजाद्यांची, भातशेती होती इथे. आता ते आमच्यात मेंबर आहेत, पण बसतात अजून मालकासारखे.

खोकं उघडलं. दांडा निघाला. पातं निघालं. बारा भाषांमधलं माहितीपुस्तक निघालं. बॅटरी काही निघेना!

रोहनने दुकानात फोन लावला. दोन मिनिटं ऐकत राहिला आणि फोन ठेवून म्हणाला, "काकू, लांब मशीनचं आपण जे स्वस्तातलं खोकं घेतलं ना, ते 'फक्त बॉडी' होतं. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यायचे असतात."

सर खाकरले. "तसं त्यांनी ठळक लिहायला हवं होतं."

रोहनने खोकं फिरवलं. ठळकच लिहिलेलं होतं. चारी बाजूंनी.

भोईरदादांनी पेढा तोंडात टाकला. "मंग आता ह्या दांड्याचा क कराचा? आंबं उतरवाचं?"

* * *

बॅटरी आली, चार्जर आला. लगेच पुढचा प्रश्न. ठेवायचं कोणाकडे?

आता आमची माणसं एकमेकांना लग्नाचे दागिने सांभाळायला देतील, पण सोसायटीची वस्तू एकाच घरात राहू देणार नाहीत. सरांनी बँकेच्या लॉकरचा तोडगा काढला. बॅटरी चेअरमनकडे, चार्जर सेक्रेटरीकडे, दांडा भोईरदादांकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय मशीन चालणारच नाही. गैरवापर अशक्य!

वापरही अशक्य, हे पहिल्याच रविवारी कळलं. माझी पाळी होती. मी चार्जर घेऊन सरांच्या दाराशी गेले, तर कुलूप. फोन केला.

"बॅटरी माझ्याजवळच आहे, मॅडम. अगदी सुरक्षित," सर म्हणाले.

"मग कुठे आहात?"

"पुण्याला. भाच्याच्या मुंजीत."

बॅटरी मुंजीला गेली होती! निदान दांडा तरी बघून ठेवावा म्हणून भोईरदादांकडे गेले. अंगणात दोन खुर्च्यांच्या पाठींवर आमचा दांडा आडवा टाकलेला आणि त्यावर ओळीने बोंबील वाळत घातलेले.

दादा शांतपणे म्हणाले, "रिकामा परला व्हता मॅडम. जरा कामाला लावला."

त्या दिवशी कुंपण कोणी कापलं? मामा आले, शिडी लावली, दोन तासांत उरकून गेले. ठरावात लिहिलंच होतं ना, समाधानकारक ठरेपर्यंत!

* * *

अखेर तिन्ही वस्तू एका जागी आल्या आणि सरांनी उद्घाटन केलं. डोळ्यांना गॉगल, कानांत कापसाचे बोळे, डोक्याला नातवाचं क्रिकेटचं हेल्मेट. मामा बाजूला उभे, झाडू घेऊन. पडलेला पाला गोळा करायचं काम तेवढं अजून मशीनला येत नव्हतं.

मशीन सुरू झालं. आवाज भारी, कापणंही भारी! पाच मिनिटांत गेटजवळचा तुकडा सपाट. टाळ्या पडल्या. मामांचा चेहरा मात्र उतरला.

तेवढ्यात रोहन धावत बाहेर आला, गळ्यात हेडफोन, वरती इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट. "काका! माझी मीटिंग गेली! नेट गेलं! अप्रेझल चालू होतं!"

पाल्यात बघितलं तर दोन वेगवेगळ्या केबलचे तुकडे. सरांनी एक उचलून हातात घेतला.

सर हेल्मेट काढत म्हणाले, "पण कुंपणाच्या आत वायर असते का कधी?"

"आहेत ना साहेब," मामा म्हणाले. "केबलवाल्याने खांब वाचवला नि मेंदीतून ओढल्या. चार आहेत. मी आधी हात घालून बाजूला करतो. ही रोहनदादाची, ही सात नंबरची, ही तुमची..."

"माझी? कुठली?"

"ती तुमच्या हातात आहे ती."

* * *

दसऱ्याच्या दिवशी आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी विहारातून परत आले तर क्लबहाउसमध्ये ही गर्दी. मशीनची पूजा चाललेली! झेंडूचा हार, आपट्याची पानं, दांड्यावर स्वस्तिक. बाजूला मामांनीही आपली कात्री ठेवलेली, तिच्यावर एक फूल.

बॅटरीला हळदीकुंकू लावलं होतं. मनापासून लावलं होतं. नेमकं तिथे, जिथे ती चार्जरला टेकते!

दुसऱ्या दिवशी चार्जरचा दिवा पेटेना. मी बॅटरी घेऊन वागळे इस्टेटला गेले. मेकॅनिकने चष्मा वर करून बघितलं. नखाने खरवडलं. वास घेतला.

"मॅडम, पाण्यात पडलेल्या येतात. शॉक लागलेल्या येतात. कुत्र्याने चावलेली पण आलेली एक," तो म्हणाला. "पण लग्न लागलेली पहिलीच."

मामांनी कात्री फडक्याने पुसली, तेलाचा थेंब सोडला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

* * *

वर्षअखेरच्या सभेत सरांना विचारणं भाग होतं, की मशीन समाधानकारक ठरलं की नाही. कारण एका म्यानात... जाऊ दे, थोडक्यात, दोघांना ठेवायचं नाही असं सगळ्यांचं म्हणणं. सरांनी अखेर जाहीर केलं: शर्यत! रविवारी सकाळी नऊ ते दहा. गेटकडून अर्धं कुंपण मशीन कापणार, नाल्याकडून अर्धं सखाराम. दहा वाजता ज्याचा भाग अपुरा, तो हरला. मामा हरले तर पुढच्या महिन्यापासून बंद. नियम मी रजिस्टरमध्ये लिहिले, सगळ्यांनी सह्या केल्या. मामांनीही केली.

बॅटरी तोवर दुरुस्त होऊन आली होती. मशीन सर स्वतः चालवणार. रोहन म्हणाला, "काका, मी धरतो थोडा वेळ." सर म्हणाले, "नियमात एक माणूस लिहिलाय."

नऊ वाजता भोईरदादांनी शिट्टी मारली. सुरुवातीला मशीन सुसाट! पहिल्या वीस मिनिटांत सर कितीतरी पुढे. मामा आपले शिडी सरकव, चढ, हात घालून चाचप, काप, उतर. मी गच्चीतून बघत होते आणि खरं सांगते, सेक्रेटरी म्हणून मी कोणाच्याच बाजूची नव्हते, पण मनात मामांसाठी धावा चालला होता.

मग सर मंदावले. साडेनऊनंतर दर दोन मिनिटांनी थांबू लागले. दहाला दहा कमी असताना मामांचे बारा फूट उरले होते आणि सरांचे पंधरा. मामा जिंकणार हे लहान पोरालाही दिसत होतं.

तेव्हा मामांनी वळून बघितलं. सरांचे दोन्ही हात थरथरत होते, पातं त्यांच्या डोक्यावर डोलत होतं, आणि एवढ्या लोकांसमोर सर ते खाली ठेवायला तयार नव्हते.

मामा शिडीवरून उतरले. सरांच्या मागे जाऊन दांडा धरला, बॅटरी काढली, मशीन जमिनीवर आडवं ठेवलं. सरांना खुर्चीवर बसवलं. मग आपली शिडी सरांच्या बाजूला लावली आणि सरांचं कुंपण कापायला लागले!

"अरं सकाराम!" भोईरदादा ओरडले. "तुजा तिकरं ऱ्हायलाय!"

"साहेबांचं झालं की येतो," मामा म्हणाले.

दहा वाजले. दादांनी शिट्टी मारली, पण जोर नव्हता तिच्यात. मशीनचा भाग पूर्ण. मामांचे बारा फूट तसेच, शेंडे वर आलेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नियम माझ्याच अक्षरात होता.

सर दोन्ही हातांत ग्लास धरून पाणी पीत होते, तरी सांडत होतं. ग्लास खाली ठेवून त्यांनी मला गच्चीतून खाली बोलावलं.

"मॅडम, रजिस्टर घ्या. लिहा."

मी पेन उघडलं.

"शर्यत सुरू असताना एका स्पर्धकाने दुसऱ्याच्या भागात प्रवेश केल्यामुळे शर्यत रद्द समजण्यात येत आहे. फेरशर्यत पुढील वर्षी. तोपर्यंत स्पर्धक सखाराम यांनी नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या मोबदल्यावर, कुंपणावर सराव सुरू ठेवावा. मशीनने विश्रांती घ्यावी. लिहिलंत?"

"लिहिलं, सर."

मामा शिडीला टेकून सगळं ऐकत होते. टॉवेलने तोंड पुसलं, कात्री उचलली आणि उरलेल्या मेंदीकडे बघत विचारलं, "साहेब, मग ते बारा फूट आत्ता करू, का सरावाला ठेवू?"