वादळबाईंच्या बोटांवरचा आळ

औषधाच्या खोक्यात घडी करून घातलेलं माहितीपत्रक कुणी वाचत नाही, पण कुणीतरी ते टाइप करतं. आमच्या छापखान्यात ते काम वादळबाईंचं, आणि तपासायचं माझं. हे नाव मीच ठेवलेलं. त्यांना कळलं तेव्हा आठ दिवस त्यांनी माझ्याकडे चहाचा कप सरकवला नाही.

बाई टाइपरायटरच्या जमान्यात नोकरीला लागलेल्या. अठ्ठावीस वर्षं झाली, तरी ओळ संपली की एंटरवर अशी थाप मारत, की शेजारच्या टेबलावरच्या टाचण्या उडत. नजर कायम समोरच्या कागदावर. पडद्याकडे बघणं म्हणजे आपल्याच बोटांवर संशय घेणं. माउस त्यांनी संगणक आला त्याच दिवशी खणात टाकला होता. सगळा कारभार बटणांवर. इशाऱ्याची ओळ लिहून झाली की कंट्रोल, शिफ्ट आणि के एकदम दाबायचं. ओळीआधी चांदणीची खूण हजर.

साहेबांच्या मेहुण्याने, म्हणजे आमच्या संगणकवाल्याने, सगळ्यांच्या टायपिंगच्या एडिटरमध्ये शुद्धलेखन तपासणारं एक प्लगइन बसवलं. आठवडाभरात बाईंच्या पत्रकांतून ओळी गळायला लागल्या. एक नाही, पाच! बाकी चौघांचं काम मात्र स्वच्छ.

मी काय केलं? दारापाशी फक्त एवढंच म्हणालो, "बाईंना मोतीबिंदू तर नसेल?" दुपारपर्यंत दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली होती.

साहेबांनी बोलावलं. "बाई, हात थकले आता. सोमवारपासून पार्सलच्या खिडकीवर बसा. खुर्चीला गादी देतो."

"गादी तुम्हालाच लखलाभ. शनिवारपर्यंत थांबा."

घरी नवरा म्हणाला, "जा की, तेवढाच आराम." त्या दिवशी त्याला भाजी बिनमिठाची मिळाली. ही बातमी बाईंच्या नणंदेकडून. ती खोटं बोलत नाही, फक्त थोडं फुगवते.

दुसऱ्या दिवशी बाई थेट माझ्यापुढे. "तुम्ही लाल शाईने परत घातलेल्या त्या पाच ओळी दाखवा. अफवा पसरवून वेळ उरत असेल तर."

मी मुकाट्याने कागद काढले. 'लहान मुलांपासून दूर ठेवा.' 'गरोदरपणी घेऊ नये.' पाचही ओळी इशाऱ्याच्या. पाचही चांदणीच्या.

बाई जागेवर गेल्या, जन्मात पहिल्यांदा पडद्याकडे नजर लावली आणि तीच तीन बटणं दाबली. चांदणी आली नाही. ओळच गेली.

आरडाओरडा नाही. संगणकवाल्याला गोड आवाजात हाक. "बाळा, तुझ्या प्लगइनमध्ये ओळ पुसायला काय दाबायचं?"

"कंट्रोल, शिफ्ट, के. का हो?"

"माझी चांदणी तिथेच राहते रे, अठ्ठा... असू दे, तुझ्या आधीपासून."

बाळाचा चेहरा पांढराफटक. पण मागे येऊन उभे राहिलेले साहेब कसले ऐकतात! "मग बाकीच्यांच्या ओळी कशा नाही गेल्या?"

"ते माउसने चांदणी शोधत बसतात, साहेब. ही बटणं दाबणारी इथे मी एकटीच. म्हणून तर चोर मी एकटीच ठरले. तुमच्या न थकलेल्या बोटांनी दाबून बघा ना."

साहेबांच्या पडद्यावर वार्षिक समारंभाचं भाषण उघडं होतं. त्यांनी ऐटीत तीन बटणं दाबली. 'माझ्या कुशल मार्गदर्शनाखाली' ही अख्खी ओळ गडप.

"अरे! गेली कुठे?"

"हात थकले का, साहेब? गादी आणू?"

छापखाना असा हसला, की यंत्राचा आवाज ऐकू येईना. शेवटी साहेबही हसले, जरा उशिरा. बाळाने प्लगइनला दुसरी बटणं दिली आणि बाईंची चांदणी बाईंना परत मिळाली. पार्सलच्या खिडकीवरची गादी आमच्या मांजराने घेतली.

सोमवारी एंटरवर पहिली थाप पडली आणि टाचण्या उडाल्या. चहा आला. बाईंनी एक कप माझ्याकडे सरकवला, पार टेबलाच्या कडेपर्यंत.

"घ्या. दिसतोय ना नीट? की तुमचंच ऑपरेशन ठरवू?"